वाचकांचे प्रश्न : बनायला हव्या होत्या अशा मोटारी

मोटार-कंपन्यांनी कोणती मॉडेल आणि कोणत्या आवृत्त्या काढायला हव्या होत्या, या विषयावरच्या पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. उदाहरणे निवडताना मी एक कसोटी लावली आहे. ज्या मोटारीसाठी लागणारे बहुतेक सुटे भाग, कारखाना आणि कौशल्य कंपनीच्या हाती आधीच होते, अशाच मोटारींचा विचार केला आहे. केवळ कल्पनेतली मोटार कोणालाही सुचू शकते. सगळे हाताशी असूनही जी जुळवली गेली नाही, तिची चुटपुट अधिक लागते.

प्रश्न : इंजिन एका मोटारीत तयार असते, सांगाडा दुसऱ्या मोटारीत तयार असतो. मग ते एकत्र करून नवी आवृत्ती काढायला कंपन्या इतक्या का कचरतात?

आपल्याला जोडणी दिसते, तिच्यामागच्या चाचण्या दिसत नाहीत. मोठे इंजिन लहान सांगाड्यात बसले तरी त्याला थंड ठेवण्यासाठी रेडिएटर वाढवावा लागतो, ब्रेक बदलावे लागतात, गिअरबॉक्सला वाढीव जोर सोसावा लागतो, आणि सांगाड्याचा मागचा भाग बदलला असेल तर धडक-चाचणीही नव्याने करावी लागते. युरोपात सप्टेंबर २०१७पासून नव्या मॉडेलांना आणि सप्टेंबर २०१८पासून जवळजवळ सर्वच नव्या मोटारींना डब्ल्यूएलटीपी ही उत्सर्जन-चाचणी लागू झाली. तीत जादा साधनांमुळे वाढणारे वजन आणि टायरचा प्रकारसुद्धा कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात धरला जातो. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्सची जी जोडी थोडीच खपते, ती यादीतून काढून टाकणे कंपन्यांना सोयीचे वाटू लागले.

हे सर्व मान्य करूनही काही निर्णय मला पटत नाहीत, आणि त्यांत पहिला बीएमडब्ल्यूचा आहे. या कंपनीने २००० साली एम ३ टूरिंग, म्हणजे एम ३ या आपल्या वेगवान मोटारीची, मागेपर्यंत छत नेऊन सामानाला जादा जागा देणारी इस्टेट आवृत्ती, प्रत्यक्ष बनवून पाहिली होती. त्या पिढीची एम ३ फक्त दोन दारांची कूपे आणि छत उघडणारी कन्व्हर्टिबल अशा दोनच रूपांत विकली जात होती. मुख्य अडचण मागच्या दारांची होती, कारण एम ३ च्या चाकांवरच्या कमानी फुगीर होत्या आणि नेहमीच्या टूरिंगची दारे त्या मापाची नव्हती. नवे महागडे साचे न करता तीच दारे फेरफार करून बसवता येतील का, हे तपासण्यासाठी तो नमुना बनवला गेला, आणि ते जमते असे दिसूनही आले. तरीही मोटार विक्रीला आली नाही. एम ३ च्या तिसाव्या वर्षी, २०१६मध्ये, कंपनीने तो नमुना लोकांसमोर आणला, आणि ग्राहकाला विकत घेता येईल अशी पहिली एम ३ टूरिंग मिळण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. ज्या सुमारास हा नमुना बाजूला ठेवला गेला, त्याच सुमारास ऑडीची पहिली आरएस ४ केवळ इस्टेट रूपातच विकली जात होती. वेगवान इस्टेट घेणारा ग्राहक अस्तित्वात होता, हे त्या वेळीही उघड होते.

प्रश्न : राहून गेलेली एकच मोटार निवडायची झाली तर आपण कोणती निवडाल?

मागे पूर्ण उघडणारे दार असलेली मूळ मिनी, म्हणजे ब्रिटनची ती चिमुकली मोटार, असे माझे निःसंदिग्ध उत्तर आहे.

अलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी ऑगस्ट १९५९मध्ये आली. जेमतेम तीन मीटर लांबीच्या या मोटारीत चार माणसे बसावीत म्हणून त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाखाली तेलाच्या भांड्यातच घातला आणि चाके दहा इंचांची ठेवली. जागेचा इतका काटेकोर हिशेब क्वचितच कोणी केला असेल. परंतु एवढे करून मागे दिली ती एक चिमुकली डिकी, जिचे झाकण खालच्या बाजूला पडत असे. ट्रॅव्हलर आणि कंट्रीमन या इस्टेट आवृत्त्यांना मागे दोन दारे होती हे खरे, पण त्यांचा सांगाडा लांब केलेला होता. मूळ आखूड मिनीत मागचे दार वर उचलावे, आसन पुढे दुमडावे आणि मोठे सामान सरळ आत सरकवावे, ही सोय २००० साली उत्पादन थांबेपर्यंत कारखान्याने दिली नाही.

ही कल्पना काळाच्या फार पुढची होती, असे म्हणता येत नाही. रेनो ४ १९६१ सालीच मागच्या दारासह आली होती. स्वतः इसिगोनिस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ९एक्स या नावाने मिनीची वारसदार तयार केली होती. ती मिनीपेक्षाही आखूड होती, तिचे इंजिन नवे होते आणि तिला मागचे दार होते. १९६८ साली मिनी बनवणाऱ्या कंपनीसह काही कंपन्यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड स्थापन झाली, नव्या व्यवस्थापनाचे लक्ष मध्यम आकाराच्या मोटारींकडे वळले आणि ९एक्स मागे पडली. याहून खटकणारी गोष्ट पुढेच आहे. १९७४ साली इटलीतील इनोचेंती या कंपनीने मिनीचीच यंत्रणा वापरून, बर्तोने यांच्या आरेखनाची, मागच्या दाराची देखणी मोटार काढली, आणि इनोचेंती त्या वेळी ब्रिटिश लेलँडच्याच मालकीची होती. म्हणजे एकाच मालकाकडे, त्याच इंजिनावर, हवी ती मोटार तयार होती, आणि तिच्या मायदेशातल्या कारखान्यांतून मात्र डिकीवालीच बाहेर पडत होती. ब्रिटनमध्ये मागच्या दाराची मेट्रो ही लहान मोटार आली ती १९८० साली. तोपर्यंत रेनो ५, फोक्सवॅगन पोलो आणि फोर्ड फिएस्टा यांनी त्या वर्गात आपले बस्तान बसवले होते.

येथे आरेखकांची बाजूही सांगायला हवी. मागच्या आसनापाठचा बंद पत्रा सांगाड्याला ताठरपणा देतो. तिथे मोठे भोक पाडले की ते बळ दुसरीकडून आणावे लागते, वजन वाढते आणि आवाजही आत येतो. या कारणांमुळे असेल किंवा सवयीमुळे, पण मागून उतरती पाठ असूनही डिकीच देण्याची ही पद्धत इतरांनीही बराच काळ सोडली नाही. १९७० साली आलेल्या सिट्रोएन जीएसला मागचे दार मिळण्यासाठी १९७९मधल्या जीएसएची वाट पाहावी लागली, आणि १९७१मधल्या अल्फासूडला ते १९८१ साली मिळाले. दोन्ही मोटारी पाहताच हॅचबॅक, म्हणजे मागच्या दाराच्या, वाटतात, म्हणून त्या दाराची उणीव अधिक जाणवते. अल्फासूडचे रस्त्यावरचे वर्तन त्या काळातल्या तिच्या वर्गातील कोणत्याही मोटारीने हेवा करावा असे होते, आणि अशा मोटारीला दहा वर्षे डिकीच्या झाकणापायी ग्राहक गमवावे लागले असतील, तर ती मोठीच हानी म्हटली पाहिजे.

प्रश्न : कंपनीची इच्छा असूनही पैशाअभावी राहून गेलेली आवृत्ती कोणती?

सहा सिलिंडरांची सिट्रोएन डीएस. ऑक्टोबर १९५५मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही मोटार आली तेव्हा तेल आणि वायूच्या दाबावर चालणारे तिचे सस्पेन्शन, तिचे ब्रेक आणि तिचा आकार, सारेच नवे होते. तिच्यासाठी योजलेले हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे सपाट इंजिन मात्र पूर्णत्वाला गेले नाही, आणि तिच्यात ट्रॅक्शन अवांत या सिट्रोएनच्याच जुन्या मोटारीच्या चार सिलिंडरी इंजिनाची सुधारित आवृत्ती बसवावी लागली. इंजिने पुढे सुधारत गेली, परंतु १९७५ साली उत्पादन संपेपर्यंत डीएसला चारच सिलिंडर राहिले. १९७०मध्ये मासेरातीचे व्ही ६, म्हणजे सहा सिलिंडरांचे, इंजिन आले, तेही एसएम या वेगळ्या आणि महाग मोटारीला मिळाले.

प्रश्न : चालवण्याच्या आनंदासाठीच बनवलेल्या मोटारींमध्ये हाताने बदलायचे गिअर का देत नाहीत? आणि दिले तर ते खपतील याला पुरावा काय?

पुरावा पोर्शेनेच दिला आहे. २०१३मधली ९११ जीटी३ फक्त स्वयंचलित दुहेरी-क्लच गिअरबॉक्ससह आली; त्याने गिअर माणसापेक्षा लवकर बदलतात, हे कंपनीचे म्हणणे बरोबरच होते. पण घड्याळात दिसणारा वेग हे अशी मोटार घेण्याचे एकमेव कारण नसते. २०१६ साली कंपनीने हाताने बदलायच्या सहा गिअरांची ९११ आर काढली, अवघ्या ९९१ मोटारी बनवल्या, आणि त्या मूळ किमतीच्या कितीतरी पटीने पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३मध्ये हा गिअरबॉक्स जादा पैसे न घेता उपलब्ध झाला. अल्फा रोमिओच्या ४सी या मोटारीला मात्र हे भाग्य लाभले नाही. कार्बन फायबरचा सांगाडा आणि चालकाला रस्ता हातात जाणवावा म्हणून पॉवरशिवायचे स्टिअरिंग इतका विचार केलेल्या या मोटारीत क्लचचे पेडल आणि हाताने बदलायचे गिअर कधीच आले नाहीत, आणि ते यायला हवे होते.

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या दोन आसनी ईव्ही १ ऐवजी जनरल मोटर्सने दुसरे काही काढायला हवे होते का?

ऐवजी नव्हे, तिच्याबरोबरच काढायला हवे होते, आणि ते कंपनीजवळ तयार होते. १९९६ ते १९९९ या काळात बनलेली ईव्ही १ केवळ भाडेकरारावर दिली जात होती. मधल्या बोगद्यात आणि आसनांमागे टी आकारात बसवलेल्या बॅटऱ्यांमुळे तिच्यात दोघांचीच सोय होती, आणि कुटुंबाची एकमेव मोटार म्हणून ती कोणाला घेता येण्यासारखी नव्हती. जानेवारी १९९८च्या डेट्रॉइट प्रदर्शनात कंपनीने तिचा सांगाडा लांबवून चार आसनी नमुने मांडले. त्यांत लहान टर्बाइनवर वीज निर्माण करणारा एक होता, आणि डिझेल इंजिन आणि विद्युत मोटर असे दोन्ही मिळून चाके फिरवणारा दुसराही होता. इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही असलेली हायब्रिड मोटार टोयोटा प्रियस जपानमध्ये विक्रीला येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि जपानबाहेर ती अजून मिळत नव्हती. टर्बाइनचा नमुना खर्चिक ठरला असता हे मला मान्य आहे. डिझेलचा नमुना मात्र विक्रीयोग्य करणे शक्य होते, असे माझे ठाम मत आहे.

यांपैकी एकही नमुना कारखान्यापर्यंत गेला नाही. भाडेकरार संपताच ईव्ही १ परत घेतल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक चिरडून टाकण्यात आल्या. कंपनीचे प्रमुख रिक वॅगनर यांनी २००६ साली, ईव्ही १ बंद करणे आणि हायब्रिडकडे पुरेसे लक्ष न देणे हा आपला सर्वांत वाईट निर्णय होता, असे उघडपणे मान्य केले. डिसेंबर २०१०मध्ये याच कंपनीची, बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेली शेवरलेट व्होल्ट ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिलाही चारच आसने होती, बॅटरीही तशीच टी आकाराची होती, आणि तोपर्यंत प्रियसची तिसरी पिढी रस्त्यावर धावत होती.