कौतुक लिहिण्याआधी 15 फूट ट्यूब आण

प्रिय दोस्ता,

साध्या, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पुस्तकांवर तू वाचनालयाच्या अंकासाठी लिहिलेला मजकूर वाचला. ‘सोपी भाषा, रंजक मांडणी, संग्राह्य पुस्तकं’ हे सगळं लोणच्यांच्या पुस्तकालाही चालेल. 1978 मध्ये टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, ही माहिती बरोबर आहे, पण ती दोन ओळींत आटप. ही पुस्तकं हाताने वाचायची. तेव्हा मजकूर बाजूला ठेव आणि आधी त्यांचं काडेपेटीच्या काड्यांचं प्रकरण पोरांसोबत करून बघ.

सामान दोनच: लाकडी काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. मेणाच्या काड्या वाकतात, त्या नकोत. ट्यूबसाठी गिअरच्या सायकलींच्या चकचकीत दुकानात जाऊ नकोस. त्यातल्या बहुतेकींना मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याला ही रबरी नळी लागतच नाही. गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे माग. 15 मिमीचा एक तुकडा धरला तर फुटात 20 बसतात. 30 मुलं, प्रत्येकी 8 तुकडे, म्हणजे 12 फूट. वाया जाणार म्हणून 15 घे. काड्या प्रत्येकी 10 लागतात. मोडतोड धरून 10 पेट्या आण. पावसाळ्यात काड्या दमट होतात, म्हणून पेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. गुल मात्र तूच घरी ब्लेडने खरवड, आणि ती पूड कोरडी केरात न टाकता पाण्यात टाक.

तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली की सांधा झाला. तीन सांध्यांचा त्रिकोण कर, चार सांध्यांचा चौकोन. दोन्हींचे कोपरे दाब. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. इथे गप्प राहा. ‘त्रिकोण मजबूत असतो’ हे वाक्य तू बोललास की तास संपला. मुलांना खिडकीशी ने. समोरच्या इमारतीला परांची बांधलेली असेल, तर तिरके बांबू कशाला घातलेत ते विचार. स्टेशनच्या जुन्या शेडच्या लोखंडी कैच्या, म्हणजे छपराखालचे त्रिकोणी सांगाडे, त्यांनी रोज पाहिलेल्या असतातच.

मग त्रिकोणाचा पिरॅमिड. रबराला मधोमध दाभणाने भोक पाडून तिसरी काडी टोक तासून घालायची. नव्वद टक्के गडबड इथेच होते: पहिल्या दोन काड्या मुलं इतक्या आत रेटतात की मध्ये जागाच उरत नाही, आणि दाभण काडीवर अडतं. काड्या 2-3 मिमी मागे ओढायला सांग. भोक कडेला पडलं तर रबर फाटतं. तो तुकडा फेकून दे, डागडुजी करत बसू नकोस. असे तीन सांधे तळाला, चौथा शेंड्याला.

आता लिही. ही जोडणी पुस्तकात कोणत्या क्रमाने येते, दोनाचा सांधा झाल्याशिवाय तिनाचा का येत नाही, कुठलं चित्र बघून मुलांनी न विचारता पुढची पायरी केली, आणि कुठे चित्र बघूनही अडली. पुस्तकात स्वस्त आणि रोजच्या वापरातलं सामान निवडलंय. मोडलं तर रडायला नको, हीच माझ्या मते या लेखकाची सगळ्यात मोठी करामत. पंधरा रुपयांचं खेळणं मोडायला मूल घाबरतं, काडी मोडायला नाही.

उणिवाही लिही, कौतुक त्याने कमी होत नाही. जुन्या पुस्तकांतल्या पंपाला फिल्म रोलची डबी लागते, ती आता सहज मिळत नाही. गोळ्यांची प्लास्टिकची डबी घेऊन बघ, झाकण घट्ट बसणारी. गरगर फिरणाऱ्या फवाऱ्याला प्लास्टिकची स्ट्रॉ लागते, पण जुलै 2022 पासून तिच्यावर बंदी आहे. कागदी स्ट्रॉ भिजली की कोपऱ्यावर मऊ पडते, फवारा एक-दोन मिनिटंच टिकतो. तेवढा वेळ पुरतो का, ते करून कळव.

यातली बरीच पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत, मराठीतलीही. हे मजकुरात वरच सांग, तळटीपेत नको. आणि नवा मजकूर पाठवशील तेव्हा फोटोंचा ढीग नको. चौकोन कलंडला तेव्हा पोरं काय म्हणाली, तेवढं त्यांच्याच शब्दांत पाठव.