दुसरा फायरवॉल चालू झाला, तरी नेट का येत नाही?

प्रश्न : सर, मी उद्यमबागला एका कास्टिंग युनिटचं नेटवर्क बघतो. दोन फायरवॉल (आतलं नेटवर्क आणि बाहेरचं नेट यांच्यामधले राखणदार बॉक्स) आहेत, एक अॅक्टिव्ह, म्हणजे कामावर, एक स्टँडबाय, म्हणजे राखीव. करंट गेला आणि पहिल्याचा यूपीएस बसला की दुसरा लगेच अॅक्टिव्ह दाखवतो, पण नेट काय येत नाही. प्रोव्हायडरचा राउटर ऑफ-ऑन केला की मगच येतं. प्रोव्हायडर म्हणतो बॉक्स खराब, बॉक्सवाला म्हणतो लाईन खराब. कुणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : राउटर ऑफ-ऑन केला की चालू होतं हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे बघा. फायरवॉल बदलला, पण राउटरला ते कळलंच नाही असं दिसतंय. कुठला आयपी कुठल्या मॅक अॅड्रेसवर, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर, आहे हे राउटर एआरपी टेबलात ठेवतो आणि काही राउटरवर ती नोंद डीफॉल्टने 4 तास तशीच राहते, तोवर पॅकेट बंद पडलेल्या फायरवॉलच्याच नावाने जात राहतात, रिस्टार्ट केलं की टेबल पुसलं जातं.

खात्री करायची तर शिफ्ट सुटल्यावर दुसऱ्याच्या वॅन पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या पोर्टवर, पॅकेट कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद) लावा, आतल्या लॅपटॉपवरून बाहेर पिंग चालू ठेवा आणि मग पहिला बंद करा. अॅक्टिव्ह होताक्षणी दुसऱ्याने ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे 'हा आयपी आता माझ्याकडे' अशी हाळी, दिली पाहिजे. ती दिसत नसेल तर तुमचं सेटिंग बघा, आणि दोघांना मिळून एकच व्हर्च्युअल मॅक देता येत असेल तर जरूर द्या, मग राउटरची नोंद बदलावीच लागत नाही. हाळी गेली तरी पिंगचं उत्तर एकही येत नसेल तर तेच कॅप्चर प्रोव्हायडरला पाठवा आणि त्यांचा पोर्ट एकाच मॅकला बांधलाय का ते स्पष्ट विचारा, पुराव्यापुढे वाद चालत नाही.

नेट आपोआप पण साधारण 30 सेकंदांनी येत असेल तर गोष्ट वेगळी, ते मधल्या स्विचचं स्पॅनिंग ट्री (केबलचं वेटोळं होऊ नये म्हणून पोर्ट चालू करण्याआधी थांबणं) असतं, स्विचवरचे फायरवॉलचे पोर्ट एज पोर्ट, म्हणजे न थांबता चालू होणारे, करून टाका.

हार्टबीटची केबल, म्हणजे जिच्यावरून दोन्ही फायरवॉल एकमेकांना 'मी चालू आहे' असं कळवतात ती, मात्र दोघांमध्ये थेट टाका, स्विचमधून नको. तो स्विच बसला तर दोघेही स्वतःला अॅक्टिव्ह समजतात, एकाच आयपीवर दोघांचा हक्क, आणि हा घोळ शोधायला फार जड जातो.

आणि नुसता करंट काढून टेस्ट करू नका. बाहेर फायबर तुटली तरी मीडिया कन्व्हर्टरचा (फायबरची लाईन साध्या नेटवर्क केबलवर आणणाऱ्या डब्याचा) आतला पोर्ट बऱ्याचदा चालूच राहतो, फायरवॉलला लिंक ठीक दिसते आणि तो दुसऱ्याकडे काम सोपवतच नाही, म्हणून प्रत्येक फायरवॉलला त्याच्या लाईनवरून प्रोव्हायडरचा गेटवे, म्हणजे त्यांच्या बाजूचा राउटर, पिंग करत राहायला लावा.