मशीन सतत रीस्टार्ट करणं हा टाइमपास नाही, काका

नमस्कार काका,

मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला, ६१ टक्के, इंदूरच्या रामबागेत घर, आणि तुम्ही विचारताय की एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा क्लास लावू की बँकेचा. मार्कांचं मला टेन्शन नाही, बऱ्याच कंपन्यांची ६० टक्क्यांची अट त्यात बसते. मला खटकलं ते पत्राच्या शेवटचं वाक्य, की एका क्लासची फी भरून टाकलीय, त्याला अजून सांगितलं नाही, आणि त्याची ती दोन जुनी कॉम्प्युटर्स दिवाळीआधी विकून टाकणार. अहो, २१ वर्षांचा मुलगा आहे तो! त्याची पुढची दोन-तीन वर्षं ठरवून टाकलीत आणि त्यालाच पत्ता नाही? हे चूक आहे, स्पष्टच सांगतो. धाकानं क्लासला जाईलही, पण घरात बोलायचा बंद होईल, आणि आताच कमी बोलतो असं तुम्हीच लिहिलंय.

एमपीपीएससीचं ऑफिस इंदुरातच, घराघरात तोच विषय, कळतं मला. पण ती परीक्षा ज्याला मनापासून द्यायचीय त्यानंच द्यावी.

आता तुमचा गैरसमज. "दिवसभर मशीन बंद-चालू करतो, स्क्रीनवर इनॲक्टिव्ह येतं तरी खूश असतो." काका, तेच तर काम आहे. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एका मशीनची डिस्क तो नेटवर्कवरून दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडतोय, आयस्कझी म्हणतात त्याला. त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, कायम चालू असायची गरज नसते, सिस्टिमडी हा सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम फक्त सॉकेट, म्हणजे हाक ऐकायची खिडकी, उघडं ठेवतो आणि डिस्क शोधायची कमांड दिली की सर्व्हिस तेव्हा सुरू होते, म्हणून आधी इनॲक्टिव्ह आणि कमांडनंतर ॲक्टिव्ह दिसलं तर टेस्ट पास. आणि रीस्टार्ट का, तर हातानं जोडलेली डिस्क मशीन परत उठल्यावर आपोआप जोडली जाते का ते बघायला. एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल, त्यात नेटडेव्ह (ही डिस्क नेटवर्कवरची आहे असं सांगणारा) हा ऑप्शन लिहायचा राहून गेला तर नेटवर्क यायच्या आधीच मशीन डिस्कची वाट बघत बसतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे अर्धवट सुरू होऊन, अडकू शकतं. कंपनीच्या सर्व्हरवर हे झालं तर सगळं काम ठप्प, म्हणून हे आधीच तपासणाऱ्या माणसाला पगार मिळतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही सिस्टिम ॲडमिनची परीक्षासुद्धा तीन तास प्रत्यक्ष मशीनवरच असते, आणि केलेलं काम रीस्टार्टनंतर टिकलं तरच मार्क.

तेव्हा मशीन्स विकू नका, फी परत मिळते का ते क्लासला विचारा, आणि ती भरली होती हे आज रात्री जेवताना त्याला सांगून टाका. पुढचं पत्र त्याला लिहू दे. कुठली टेस्ट केली, काय यायला हवं होतं, काय आलं, लॉगमध्ये, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदींमध्ये, काय दिसलं, सगळं लिही म्हणावं, म्हणजे ज्युनियर लिनक्स ॲडमिनच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या, नोकरीसाठी अजून काय शिकायचं ते मला त्याच्याशीच बोलता येईल.