स्काउट-गाईडची प्रतिज्ञा मुलांना गटखेळांतून कशी शिकवावी?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: बाणेरच्या सोसायटीत नवीन युनिट सुरू केलंय, पाचवी-सहावीची मुलं-मुली आहेत, दीक्षाविधी (प्रतिज्ञा म्हणून चळवळीत दाखल होण्याचा कार्यक्रम) तोंडावर आलाय आणि प्रतिज्ञा काही केल्या पाठ होत नाही, म्हणून गटाने खेळायचे मजेशीर खेळ हवेत. त्यावर आधीच कुणीतरी उत्तर दिलंय की "रोज दहा वेळा लिहून घ्या, आपोआप पाठ होते." ते वाचलं आणि निवडत होते ती मेथी तशीच ठेवून लिहायला बसले.

मी पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत बरीच वर्षं गाईड कॅप्टन होते. माझी थोरली नणंदही त्याच शाळेत. गाईड मुलींची एक तुकडी, म्हणजे कंपनी, त्यांची, एक माझी. "दहा वेळा लिहा" हे वन्संचं मत, आणि त्यावरून सुरू झालेला वाद आम्ही दोघी निवृत्त झालो तरी मिटलेला नाही. भाऊबीजेला ओवाळणीच्या आधी हा विषय निघतो, आमचे हे मुकाट्याने पेपर उघडतात.

तर झालं असं. पावसाळ्यातला शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. आमचं मैदान म्हणजे चार स्कूल व्हॅन उभ्या राहतील एवढी जागा, तीही चिखलाने भरलेली. म्हणून वरच्या व्हरांड्यात लगोरी मांडली. दगडांऐवजी लाकडी ठोकळे, सुतारकामाच्या वर्गातले. सात ठोकळ्यांवर प्रतिज्ञेचे सात तुकडे खडूने लिहिले. प्रतिज्ञेतला क्रम असा: आधी ईश्वर आणि देशाप्रती कर्तव्य, मग इतरांना मदत, मग गाईडच्या नियमांचं पालन. नियम नेहमीचेच, चेंडूने लगोरी फोडायची आणि आऊट व्हायच्या आत परत रचायची. भर एवढीच की तळाला प्रतिज्ञेचा पहिला तुकडा आणि माथ्यावर शेवटचा, आणि जी ठोकळा ठेवेल तिने तो तुकडा ओरडून म्हणायचा. क्रम चुकला तर लगोरी लागली नाही.

दुसऱ्याच डावात भांडण. एका संघाने "इतरांना मदत" हा ठोकळा ईश्वर आणि देशाच्या खाली लावला आणि "लगोरी!" म्हणून नाचायला लागल्या. समोरच्या म्हणाल्या, चूक. नाचणाऱ्यांची संघनायिका मोठी वकील होती. "बाई, लोकांना मदत करणं हेच देशाचं काम ना? मग आधी काय नि नंतर काय!" मी निकाल दिला नाही. संघनायिकांना म्हटलं, बसा जिन्यावर आणि भरवा कोर्ट ऑफ ऑनर (संघनायिकांची निर्णय घेणारी सभा). बसल्या की! चेंडू बाजूला, सगळी कंपनी कठड्याला टेकून ऐकतेय. एकीने गाईडची खूण करून तीन बोटं वर धरली आणि म्हणाली, पहिलं बोट ईश्वर आणि देशाचं, दुसरं मदतीचं, तिसरं नियमांचं, बोटांची अदलाबदल करता येते का? मग दुसरीने शंका काढली, "शक्य तितका प्रयत्न करीन असं आहे, म्हणजे नाही जमलं तरी चालतं?" त्यावर आणखी वीस मिनिटं. शेवटी तो गुण गेला. पण त्या दिवसानंतर त्या कंपनीतल्या कुठल्याही मुलीला क्रम विचारा, झोपेतून उठवून विचारा.

या गोंगाटाने वन्सं शिक्षकखोलीतून बाहेर आल्या. त्यांचा राग आवाजाबद्दल नव्हताच. "प्रतिज्ञा पायदळी तुडवायला ठेवलीस?" म्हणाल्या. मी त्यांना दाखवलं, ठोकळ्याला पाय लागला की पोरी आपणहून हात लावून नमस्कार करत होत्या, पुस्तकाला करतात तसा. आणि स्काउटिंगचे संस्थापक म्हणून ज्या बेडन-पॉवेलच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांनी ही सगळी चळवळच खेळ म्हणून मांडली होती. यावर वन्संचं उत्तर ठरलेलं: "ते साहेबलोकांचं." याला मात्र आधार आहे बरं का. आपल्या खडकीत १९१०-११ च्या सुमारास स्काउट पथक नोंदलं गेलं, पण तेव्हा ही पथकं फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. म्हणून काय खेळ सोडायचा? लगोरी तर आपलीच आहे.

दीक्षाविधीच्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण वन्सं हे कधी सांगत नाहीत. त्यांच्या मुली एका सुरात म्हणायच्या तेव्हा घड्याळ लावून घ्यावं. पण दीक्षा एकेकीला मिळते. त्यांची एक मुलगी मध्येच अडकली, आणि अडकली की पुन्हा "मी" पासून सुरुवात. पुन्हा तिथेच अडकली. दहा-दहा वेळा लिहून जे पाठ होतं ते असं पहिल्यापासूनच चालतं, मधून उचलता येत नाही. माझ्याही एकदोघी चाचरल्या, नाही असं नाही, पण होत्या तिथूनच पुढे गेल्या. वन्सं म्हणतात, तुझ्या मुलींना लिहायला सांग, ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. खरं आहे. पण दीक्षेचा स्कार्फ घालताना शुद्धलेखन कोण तपासतं?

समूहात म्हणण्याने काय होतं याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. "भारत माझा देश आहे" ही प्रतिज्ञा पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते आणि मुलं ती वर्षानुवर्षं रोज म्हणतात. आता तुमच्या आठवीतल्या मुलाला एकट्याला उभं करून म्हणायला सांगा. "परंपरांचा पाईक होण्याची पात्रता" इथे गाडी घसरते की नाही बघा. रांगेत ओठ हलवले की भागतं, हे पोरांना पहिलीतच कळलेलं असतं.

तर तुमच्या खेळांचं. लगोरी झालीच. दुसरा, फळा-पुसणी: पूर्ण प्रतिज्ञा फळ्यावर, प्रत्येक फेरीला एक संघ दोन शब्द पुसतो आणि समोरच्या संघातल्या एकाने रिकाम्या जागांसकट म्हणायची. काय पुसायचं ते मुलांनाच ठरवू द्या, अवघड शब्द ती बरोबर हेरतात. तिसरा, रिंगणात चेंडू: ज्याच्याकडे चेंडू येईल त्याने पुढचा तुकडा म्हणायचा, आणि तुम्ही शिट्टी वाजवलीत की मधल्याच कुठल्यातरी तुकड्यापासून सुरुवात. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण वर सांगितलेल्या रोगावर हेच औषध. स्काउट-गाईडच्या नऊ नियमांसाठी मुका अभिनय चांगला चालतो. प्राणिमात्रांचा मित्र करताना सोसायटीतली कुत्री आपसूक सामील होतात. काटकसरीचा नियम करून दाखवायला मात्र पोरांची भंबेरी उडते.

कानगोष्टी अजिबात नको. शेवटच्या मुलापर्यंत प्रतिज्ञेचं जे होतं त्यावर मुलं महिनाभर हसतात आणि तेच लक्षात राहतं. चालीवरही बसवू नका. चालीशिवाय शब्द आठवत नाहीत आणि पोर ध्वजासमोर डोलायला लागतं.

चेंडू कापडी घ्या, सोसायटीत काचा असतात. मजकूर तुमच्या पुस्तिकेतलाच वापरा, नेटवरचा नको; शब्द इकडेतिकडे झालेले असतात. "ईश्वर" ऐवजी "धर्म" म्हणायची मुभा आहे, तेव्हा पालकांना आधीच विचारून घ्या, नाहीतर दीक्षाविधीच्या सकाळी फोन येतात. दहा वर्षांखालची भावंडं मागे लागतील, त्यांना चेंडू आणायला ठेवा. त्या वयाच्या कब-बुलबुल गटांचं वचन वेगळं असतं आणि दोन्ही कानावर पडली की खिचडी होते. आणि लिहून घ्यायचंच असेल तर एकदा घ्या, सगळं पाठ झाल्यावर. वन्संसाठी एवढी सवलत.