वाचकांचे प्रश्न : परदेशी बँकेतली ठेव

प्रश्न : वावर रस्त्यात गेलं, मोबदल्यातले 12 लाख शिल्लक आहेत. मुलगा म्हणतो, नागपुरात परदेशी बँकेत एफडी करू. तिची मुख्य कचेरी परदेशात. तिकडे बँक बुडाली तर आम्ही कोणाला धरायचं?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भारतातल्या शाखेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, मग बँक परदेशी का असेना. पण हे 5 लाख व्याज धरून आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमची रक्कम मिळून. 4 लाख 80 हजारांची एफडी 7 टक्क्यांनी वर्षभरातच मर्यादा ओलांडते. म्हणून तीन बँकांत 4-4 लाख ठेवा, मुदत तीन वर्षांपर्यंतच. व्याज त्याच बँकेच्या बचत खात्यात साठू दिलं तर तेही 5 लाखांतच मोजतात. मुलगा दुबईला गेला आणि त्याच बँकेच्या तिथल्या शाखेत पैसे ठेवले, तर त्यांना हा विमा नाही.

तुमची भीती मात्र अगदीच खोटी नाही. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनलची नोंदणी लक्झेंबर्गची, कारभार लंडनहून, शाखा डझनावारी देशांत. पूर्ण हिशेब कोणत्याच एका देखरेखदारापुढे (आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या) नव्हता. जुलै 1991 मध्ये ती बंद पाडावी लागली. तिच्या मुंबई शाखेचा कारभार पुढे स्टेट बँकेच्या उपकंपनीकडे आला. त्यानंतर 1992 मध्ये बाझल समितीने, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या बँक देखरेखदारांच्या समितीने, ठरवलं, की मूळ देशाच्या देखरेखदाराने सगळ्या देशांतला व्यवहार एकत्र तपासायचा. तो तपासत नसेल तर शाखा असलेल्या यजमान देशाने अशा बँकेला अटकाव करावा.

आपल्याकडे परदेशी बँकेला इथल्या नफ्यातले दरवर्षी 20 टक्के रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात. तिने इथला व्यवसाय गुंडाळला तर त्या रकमेवर पहिला हक्क भारतातल्या घेणेकऱ्यांचा, म्हणजे बँकेकडून ज्यांचं येणं आहे त्यांचा; त्यात ठेवीदारही आले. शिवाय एखादी बँक इथे स्वतंत्र भांडवलाची भारतीय कंपनी म्हणून काम करते, जशी सिंगापूरची डीबीएस 2019 पासून. नोव्हेंबर 2020 मध्ये डबघाईला आलेली लक्ष्मी विलास बँक तिच्यात विलीन झाली तेव्हा ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले, भागधारकांचे शून्य झाले.

खरं तर परदेशी नावाला बिचकणारी माणसं जादा व्याजासाठी गावातल्या पतसंस्थेत बिनधास्त पैसे ठेवतात. तिथे हा ठेव विमा मुळीच नाही.

प्रश्न : परदेशी बँक पीककर्ज का देत नाही?
– वाचक, दारव्हा

उत्तर : बँकांना एकूण कर्जातला ठरावीक वाटा शेतीसारख्या अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावा लागतो. 20 पेक्षा कमी शाखांच्या परदेशी बँकेसाठी हा वाटा 40 टक्के, आणि त्या 40 पैकी 32 टक्क्यांपर्यंत तिला निर्यात कर्ज दाखवता येतं. शेतीकडे वळायची तिला गरजच पडत नाही. सातबारा घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेतच जा.