मुंबई–न्यूयॉर्क: अंतर, उड्डाण आणि बडोद्याहून खरा लागणारा वेळ

आई-बाबांना बडोद्याहून मुंबईमार्गे न्यूयॉर्कला पाठवायचंय. अंतर १२,५०० किमी दिसतं, पण तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस तास येतात, मग नेमकं खरं काय, असं तुम्ही विचारलंय. सत्तरीतली माणसं पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालीत, म्हणून सविस्तर लिहितो.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून रात्री १ ला निघालेलं विमान सोळा तासांनी पोचतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजलेले असतात आणि तिथे सकाळचे ७:३०. दोन्ही वेळा आधी आपल्या घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा.

१२,५०० किमी हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. मुंबई १९ अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ च्या आसपास, पण ही जवळची वाट उत्तरेला जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती उगाच वळसा घातल्यासारखी दिसते, म्हणून एकदा पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघाच. प्रत्यक्षात विमान तंतोतंत त्या रेषेवरून जात नाही. हवामान आडवं येतं, आकाश बंद असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेचे मार्ग लांबले.

ताशी ९०० किमीने हिशेब केला तर चौदा तास निघतात. पण जाताना साधारण सोळा लागतात आणि येताना चौदा-पंधरा. हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं होतं हा समज चुकीचा आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

आता तुमच्या आई-बाबांचं. रेल्वेने गेलात तर बोरिवलीला उतरा, तिथून टॅक्सीने विमानतळ जवळ पडतो. विमानाने मुंबईला जाणार असाल तर बडोदा–मुंबई–न्यूयॉर्क एकाच तिकिटात घ्या. पहिलं विमान रखडून पुढचं चुकलं तर सोय कंपनीला करावी लागते. वेगळी तिकिटं काढली तर तो भार आपल्यावर, आणि बडोद्याहून दिवसाला उड्डाणंही मोजकीच असतात. तिकिटाबरोबरच दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवा, इमिग्रेशनच्या रांगेत फार मदत होते.

रेल्वेने दुपारी निघाल्यापासून तिथल्या घराच्या दारापर्यंत तीस तास धरा. आणि तारीख नीट बघा: १५ तारखेच्या रात्री १ च्या विमानासाठी १४ लाच दुपारी बडोद्याहून निघायचं असतं.