वाचकांचे प्रश्न : पंप सुरू होताच यंत्र का अडखळते?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुंडीतील मातीचा ओलावा मोजून लहानसा पंप आपोआप चालू-बंद करणारे यंत्र मी प्रकल्पासाठी बनवत आहे. सर्किट बोर्ड महाविद्यालयातील मिलिंग मशीनवर मीच कोरला असून त्यावर ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड बसवला आहे. ओलाव्याचा सेन्सर पिन २५ ला जोडला आहे, तर पंप मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत चालतो. वायफाय बंद असताना आकडे व्यवस्थित येतात, पण वायफाय सुरू केले की वाचन मिळेनासे होते. आणि पंप चालू होताच ईएसपी३२ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तांब्याच्या काही रेघा एकमेकींना चिकटलेल्या राहिल्या होत्या, त्या मी कटरने खरवडल्या. प्रात्यक्षिक पुढच्या आठवड्यात आहे आणि मोबाइल अ‍ॅप व पेटी अजून व्हायची आहे. नवा बोर्ड बाहेरून करून घ्यावा का?
— एक विद्यार्थी, धायरी, पुणे

उत्तर : नवा बोर्ड मागवू नका. बोर्ड तयार होऊन हातात पडेपर्यंत आठवडा सरेल हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की तुमचे दोन्ही मुख्य दोष तांब्यात नसून आराखड्यात आहेत, त्यामुळे तोच आराखडा कितीही उत्तम कारखान्यात पाठवला तरी तेच दोष सुबक होऊन परत येतील.

आधी सेन्सरचे पाहू. ईएसपी३२मध्ये अ‍ॅनालॉग वाचन करणारे, म्हणजे सेन्सरकडून येणारे कमी-जास्त व्होल्टेज मोजणारे, दोन विभाग आहेत. त्यांपैकी दुसरा विभाग वायफायही वापरते, म्हणून वायफाय चालू असताना त्या विभागाच्या पिनांवरील वाचन भरवशाचे राहत नाही, आणि पिन २५ नेमकी त्याच विभागातील आहे. पिन ३२ ते ३९ यांमधील ज्या पिना बोर्डवर बाहेर काढलेल्या असतात त्या पहिल्या विभागातील असून त्यांना ही अडचण येत नाही. तुमचे सुदैव असे की बहुतेक डेव्हलपमेंट बोर्डांवर पिन ३३ ही २५ च्या अगदी शेजारी असते. २५ कडे जाणारी रेघ धारदार कटरने तोडा, मल्टिमीटरच्या बीपने ती खरोखर तुटल्याची खात्री करून घ्या, सेन्सरकडील टोकापासून ३३ पर्यंत बारीक तार सोल्डर करा आणि प्रोग्रॅममधील पिनचा क्रमांक बदला. सेन्सरला वीज ३.३ व्होल्टचीच द्या. बोर्डवर अशी एखादी तार दिसली म्हणून गुण कापणारा परीक्षक विरळाच. उलट ती का टाकावी लागली हे तुम्हाला नीट सांगता आले तर त्याचा उपयोगच होईल.

आता पंप. कोणतीही मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, आणि ईएसपी३२लाही वायफायवरून माहिती पाठवताना काही शे मिलिअँपिअरचे झटके लागतात. दोघे एकाच लहान अ‍ॅडॉप्टरवर असतील तर व्होल्टेज खाली येते आणि चिपमधील संरक्षक यंत्रणा तिला पुन्हा सुरू करते. अशा वेळी संगणकावर चिपचे संदेश दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ असे शब्द असलेली ओळ उमटते. ती येते का पाहा. पंप काढून त्याजागी रेझिस्टरसह एलईडी लावला आणि यंत्र नीट चालले, तर प्रोग्रॅम निर्दोष आहे असे समजून त्याला हात लावू नका. पंपाला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या, मात्र दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोके, एकत्र जोडा. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड उलट्या दिशेने, म्हणजे पट्ट्याची बाजू धन टोकाला येईल असा लावा. मोटर बंद होताना उसळणारे व्होल्टेज त्यामुळे मॉस्फेटपर्यंत पोहोचत नाही. मॉस्फेटच्या गेटपासून (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकापासून) ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर तोही घाला, नाहीतर ईएसपी३२ सुरू होण्याच्या काळात पंप मनानेच पाणी ओतेल.

चिकटलेल्या रेघांबद्दल थोडक्यात. तुमच्या मशीनवर १/६४ इंची बिट (कोरणारे पाते) असेल तर तिची जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर असते आणि त्याहून अरुंद फटीत ती शिरूच शकत नाही. मार्ग आखणारे सॉफ्टवेअर ती फट बहुधा निमूटपणे सोडून देते. चिकटलेल्या जागा बोर्डच्या एकाच कोपऱ्यात असतील तर मात्र दोष सपाटीचा, बहुतेक वेळा खालच्या दुहेरी टेपचा असतो. तुम्ही खरवडलेली प्रत्येक जागा आणि ५ व्होल्ट व ग्राउंड यांमध्ये जोड उरलेला नाही ना हे बीपवर तपासल्याखेरीज वीज देऊ नका.

राहिले अ‍ॅप. ते सोडून द्या. आपल्याच जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली. अशा प्रयोगशाळांत आवर्तनांनी काम करण्याची शिस्त शिकवली जाते : आधी लहानसे पण सेन्सरपासून पंपापर्यंत पूर्ण चालणारे यंत्र, मग त्यावर पुढची भर. तुमचे पहिलेच आवर्तन अजून पुरे झालेले नाही. ईएसपी३२ स्वतःचे वायफाय उभे करून त्यावर ओलाव्याचा आकडा दाखवणारे साधे पान देऊ शकते, तेवढे प्रात्यक्षिकाला पुरेसे आहे आणि महाविद्यालयाच्या वायफायच्या लॉगिनवर विसंबण्याची वेळही येत नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत डायोड आणायला जालच, तेव्हा दुसरे ईएसपी३२ही घेऊन ठेवा आणि चालू स्थितीतील प्रोग्रॅम त्यात आधीच भरा.

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पाच्या पेटीसाठी घरी उरलेला सनबोर्ड लेझरवर कापून द्यायला प्रयोगशाळेने नकार दिला. हा अडवणुकीचा प्रकार नाही का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : नाही. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळणारी शीट बहुधा पीव्हीसीच्या फोमची असते. पीव्हीसी लेझरने जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो; तो फुफ्फुसांना घातक असतो आणि मशीनचे धातूचे भागही गंजवतो. सनबोर्ड स्टीलची पट्टी धरून कटरने हाताने उत्तम कापता येतो. लेझरच हवा असेल तर ३ मिलिमीटरचे अ‍ॅक्रिलिक किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) न्या, आणि अ‍ॅडॉप्टरच्या जॅकचे छिद्र आधी टाकाऊ तुकड्यावर कापून बघा, कारण लेझर आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे थोडे साहित्य खाते आणि छिद्र मापापेक्षा किंचित मोठे पडते.